संशयकल्लोळ : तसबीर आणि अनुमान

मंडळी, 'संशयकल्लोळ' म्हटलं की आपल्या यवतमाळात आधी पदं आठवतात. पण देवलांनी १८९३ साली हे नाटक गद्यच लिहिलं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावानं. मूळ मोलिएरचं, १६६० चं. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून ते मराठीत आलं. पदांसह गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६ साली रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी गेले. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती गाजली. आजही वन्समोअर मिळतो तो पदांनाच.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून आमची नजर तसबिरीवर जाते. धूर दिसला की अग्नी मानावा, हे नैयायिकांचं अनुमान. फाल्गुनराव बायकोच्या हातात परक्याची तसबीर पाहतो आणि थेट प्रियकर मानतो. पुरावा खरा, निष्कर्ष खोटा. म्हणून आपण हसतो.

पण अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो तेव्हा? ती नायकिणीची मुलगी, म्हणून तो संशय आपल्यालाही चटकन पटतो. तिथं पुरावा मागायचं सुचतच नाही! देवलांनी तिला निर्दोष ठरवून प्रेक्षकालाच पकडलं आहे. नाटक बसवणाऱ्यांनी हा काटा गाण्याखाली झाकू नये, एवढंच आमचं म्हणणं.