खुंट्याला दुसरा हात : जनाबाईंच्या अभंगांचे एक वाचन

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव हे रेणुकामातेचे स्थान म्हणून मराठवाड्यात ओळखले जाते. त्याचा तालुका गंगाखेड. आणि गोदाकाठचे गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे जन्मगाव. या परिसराला जनाबाईंचा अभिमान आहे. याच परिसरातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. पहिली गोष्ट वाङ्मयाची आणि दुसरी पोटाची, म्हणून त्या दोहोंचा एकत्र विचार सहसा केला जात नाही. रोजच्या जगण्याचे ओझे माणसाने कसे पेलावे, या प्रश्नाला जनाबाईंनी दिलेले उत्तर मात्र या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावाचून नीट उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

परंपरा सांगते ती हकिकत थोडक्यात अशी : दमा आणि करुंड या दांपत्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आली, तेथेच राबली आणि स्वतःला नामदेवांची दासी म्हणवू लागली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. ते मुखोमुखी चालत आल्याने त्यांतील तिचे स्वतःचे किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अभंगांतील जग मात्र एकच आहे : दळण, कांडण, सडा-सारवण, पाणी, धुणे, शेण्या. या रचनांचे मर्म सांगताना टीकाकार बहुधा असे म्हणतात की, जनाबाईने कष्टाला भक्तीची गोडी लावली. प्रवचनांतूनही हाच अर्थ ऐकू येतो. आणि त्यावरून श्रोत्यांना उपदेश केला जातो की, तुम्हीही आपले काम आनंदाने करा, म्हणजे त्याचा शीण जाणवणार नाही.

हा अर्थ अपुरा आहे, असे आमचे म्हणणे आहे. अभंगांत प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. विठ्ठल जनीला धीर धरण्याचा उपदेश करीत नाही. तो जात्याशी बसतो. तो पाणी वाहतो, शेण्या वेचतो, केर काढतो, तिची वेणीफणी करतो. ज्या कामांना घरातील प्रतिष्ठित माणूस हात लावीत नाही, नेमकी तीच कामे देव करतो. येथे गोडी कष्टाला आलेली नाही. ती सोबतीला आली आहे.

ख्रिस्ती वाचकाला या ठिकाणी दोन कार्मेलाईट व्रतस्थांचे स्मरण होईल. आविलाच्या संत तेरेजा (१५१५-१५८२) यांनी आपल्या भगिनींना स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांतही प्रभूला ओळखावयास शिकविले. पॅरिसच्या मठात मुदपाकखाना सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) यांनी तर चुलीपुढे आणि प्रार्थनामंदिरात ईश्वराचे सान्निध्य सारखेच असल्याचा अनुभव घेतला. जनाबाई याच कुळातील आहे, असे म्हणता येते. पण एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ब्रदर लॉरेन्स यांचा ईश्वर जवळ असतो, काम मात्र तेच करतात. जनाबाईचा देव कामाला लागतो. दुसरे असे की, व्रतस्थाने मठातील कष्ट व्रत म्हणून पत्करलेले असतात. दासीचे कष्ट तिच्या वाट्याला आलेले असतात. म्हणून एकाची शांती दुसरीच्या तोंडी घालणे हा टीकेतील अविचारच नव्हे, तर अन्यायही होय.

येथे आम्हांला एक गोष्ट विशेष अर्थपूर्ण वाटते. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागले, म्हणजे दळण हलके होते, हे खेड्यातील कोणतीही वयस्क स्त्री सांगेल. जनीच्या समोरची जागा रिकामी होती. एवढ्या मोठ्या, संतांच्या घरात त्या जागेवर येऊन बसणारे माणूस अभंगांत दिसत नाही. तेथे देव येऊन बसतो. मग या अभंगांत केवळ सांत्वन आहे काय? त्यांत एक मूक तक्रारही आहे, असे आम्हांस वाटते. देवाला यावे लागले, कारण माणूस आला नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा आजचा विचार जुन्या भक्तिकाव्यावर लादला जात आहे. परंतु परंपरेनेच जपलेली एक कथा पाहावी. विठ्ठल जनीच्या घरून परतताना तिची वाकळ पांघरून जातो आणि त्याचे पदक तिच्याकडे राहते. चोरीचा आळ येतो तो मोलकरणीवर. तिला सुळावर द्यावयास नेतात आणि सुळाचे पाणी होते. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तरी गरिबावर संशय किती सहज येतो, हे त्या कथेला पक्के ठाऊक आहे. शिवाय हीच जनी काही अभंगांत विठ्ठलाला खडसावते, शिव्याशापही देते. जिला मुकाट सोसावयाचे आहे, ती असे बोलत नाही. आपल्या स्तोत्रसंहितेतील आर्त भक्तही देवाला जाब विचारतातच.

जनीनंतर ओवीचा हा वारसा गावोगावच्या स्त्रियांनी चालविला. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइत्व्हाँ यांनी अनेक वर्षे खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तो संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेमार्फत लोकांपुढे येत आहे. त्या ओव्यांत सासर-माहेर आहे, पंढरी आहे, बाबासाहेबही आहेत. पिठाची गिरणी आली आणि स्त्रीच्या दंडाचा भार उतरला. त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. पण पहाटेचा तो बोलण्याचा प्रहरही जात्याबरोबर गेला. भार गेला नाही, त्याने रूप पालटले. सोबत मात्र गेली.

ते पालटलेले रूप उसाच्या फडात दिसते. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईला कोपीत पुन्हा चूल पेटवावी लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाने समिती नेमली. पाहणीतील ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झाल्याचे निष्पन्न झाले. या भगिनींना ‘काम हीच पूजा’ असे सांगणारे वाङ्मय कितीही शुद्ध भाषेत लिहिलेले असले, तरी ते आम्हांस अशुद्ध वाटते.

आज मनःशांतीच्या पुस्तकांना तोटा नाही. ताण कसा घालवावा, विचार कसे बदलावेत, सकाळी किती वाजता उठावे, हे सारे त्यांत असते. काही सूचना उपयोगीही असतात. त्यांचा दोष एवढाच की, ती वाचकाला एकट्यालाच जात्यापुढे बसवतात आणि दळण्याची पद्धत शिकवून निघून जातात. प्रभू येशूने शास्त्री-परुशांना दिलेला बोल याच जातीचा आहे : ते लोकांच्या खांद्यावर जड ओझी देतात, पण स्वतः बोटही लावीत नाहीत. उलट, कालवारीच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाने प्रभूला एकही सांत्वनाचा शब्द सांगितल्याचे शुभवर्तमानात नाही. त्याने क्रूस उचलला, तोही सक्तीने. तरीही दोन हजार वर्षे आपण त्याचे नाव घेतो.

म्हणून दैनंदिन जीवनाविषयीचे कोणतेही पुस्तक, कोणतेही प्रवचन, या त्रैमासिकातील लेखसुद्धा, जनाबाईंच्या कसोटीला लावून पाहावा, असे आम्ही सुचवितो : यात खुंट्याला दुसरा हात कोणाचा आहे? ऊसतोडीला निघालेल्या आईबापांची मुले शाळेत राहावीत म्हणून गावात हंगामी वसतिगृहे चालविली जातात. त्यांतील एखाद्या मुलाला संध्याकाळी जवळ बसवून अभ्यास सांगणारा माणूस कदाचित जनाबाईंचा एक अभंगही म्हणत नसेल. पण अभंगाचा अर्थ त्याला कळला आहे, असे आम्ही म्हणू.