‘मी’ गाळता येतो तेव्हा

नॉर्मंडीवरच्या स्वारीबद्दल सगळ्यात चांगलं लिखाण कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ना कादंबरीचं नाव घेईन ना सिनेमाचं. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ची सुरुवात मोबाइलच्या स्क्रीनवरही अंगावर येते, हे खरं. पण माझं मत चार वाक्यांच्या एका चिठ्ठीला.

५ जून १९४४. दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवर. खराब हवामानामुळे स्वारी एक दिवस पुढे ढकललेली. दुसऱ्या दिवशी सुमारे १ लाख ५६ हजार सैनिक फ्रान्समध्ये उतरणार. हिटलरच्या ताब्यातला पश्चिम युरोप सोडवायचा तो हा बेत. त्या दिवशी त्याने पेन्सिलीने एक निवेदन लिहून पाकिटात ठेवलं. स्वारी फसली तर वाचायचं निवेदन. गडबडीत जूनऐवजी जुलै अशी तारीख पडली. स्वारी फसली नाही, चिठ्ठी लागली नाही. काही आठवड्यांनी ती त्याच्या सहायकाच्या हाती आली आणि त्याने ती जपून ठेवली.

ही चिठ्ठी ‘नेतृत्वाचे धडे’ म्हणून पुष्कळदा फॉरवर्ड होते. खाली लिहिलेलं असतं : किती नम्रता! मला हे वाचन वरवरचं वाटतं. चिठ्ठीतली खरी गोष्ट तिच्या खाडाखोडीत आहे.

पहिल्या खर्ड्यात त्याने लिहिलं होतं, सैन्य मागे घेण्यात आलं आहे. ते खोडून केलं, मी सैन्य मागे घेतलं आहे. पुढच्या वाक्याची सुरुवात ‘ही मोहीम’ अशी होती. तिथे आलं, ‘हल्ल्याचा माझा निर्णय’. सैनिक, विमानदल, नौदल यांनी शक्य ते सगळं केलं, असं सांगून तो शेवटी दोष आपल्या एकट्यावर घेतो, आणि त्या शब्दांखाली रेघ ओढतो. म्हणजे आधी हाताला सवयीची सरकारी भाषा आली. मग माणसाने ती वाचली आणि दुरुस्त केली.

मराठीत ही दुरुस्ती जास्त अवघड आहे. ‘मी सैन्य मागे घेतलं’ यात क्रियापद चालतं ‘सैन्या’प्रमाणे, ‘मी’प्रमाणे नाही. शाळेच्या व्याकरणात हाही कर्मणीच. त्यामुळे ‘मी’ अलगद गाळता येतो आणि वाक्याला काही होत नाही : ‘सैन्य मागे घेतलं.’ कुणी? विचारायचंच नाही. वर ‘-ण्यात आले’ हा तयार साचा आहेच. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालचं खामगाव आणि पलीकडचं जालना रेल्वेने जोडायची मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. लहानपणापासून अशा विषयांवर आम्ही जे वाचत आलो त्याचा सूर एकच : विचार करण्यात येत आहे, पाठपुरावा करण्यात येईल. करणारा कुठेच दिसत नाही.

माझ्या क्षेत्रातही तेच. सर्व्हर पडला की अहवाल लिहितात. ‘बदल करण्यात आला, परिणामी सेवा खंडित झाली.’ याला एक चांगलं कारणही आहे. नावं घेऊन दोष दिला तर पुढच्या वेळी लोक माहिती लपवतात, म्हणून आम्ही ‘ब्लेमलेस’ अहवाल लिहितो. मला ते पटतं. पण ही चिठ्ठी काय करते बघा. खालच्या प्रत्येकाला ती दोषमुक्त करते आणि वरच्या एकाला करत नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा पांघरूण सगळ्यांवर सारखंच पडतं, निर्णय घेणाऱ्यावरही.

चिठ्ठीत उणं नाही असं नाही. उपलब्ध माहितीनुसार निर्णय योग्य होता, अशी एक बारीक ढाल तिने ठेवली आहे. ‘एकट्याचा’ दोष हेही वस्तुस्थितीला धरून नाही. त्या निर्णयामागे हवामानतज्ज्ञ होते, दोन देशांची सरकारं होती. तरी कुणीतरी ‘माझा’ म्हटल्याशिवाय जाब विचारायला जागाच उरत नाही.

मात्र हा ‘मी’ किती लांब पोचतो? सैनिकांना वाटलेल्या छापील संदेशात याच आयझेनहॉवरने जगातल्या स्वतंत्र माणसांच्या कूचाचं वर्णन केलं होतं. त्याच वेळी इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. कोकणातल्या माणगाव भागातला नाईक यशवंत घाडगे, वय अवघं २२. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा गनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, मॅगझिन बदलायला वेळ न मिळाल्याने बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या गौरवपत्रात कर्ता शोधावा लागत नाही. धावला तो, फेकला त्याने, मेला तो.

पण त्याला या युद्धात कुणी घातलं? ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, इथल्या नेत्यांना न विचारता. घाडगे युरोप सोडवत होता तेव्हा नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. फौजेत सुमारे २५ लाख माणसं गेली. ती नावापुरती स्वेच्छेने भरती झालेली, पण देश युद्धात ‘ओढला गेला’. आपली इतिहासाची पुस्तकंही हेच क्रियापद वापरतात. ओढणारा वाक्याबाहेरच राहतो.

म्हणून ही चिठ्ठी आदर्श म्हणून भिंतीवर लावायच्या कामाची नाही. ती वाचायची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. पुढची नोटीस, पुढचा अहवाल, पुढचा धडा हातात आला की ‘-ण्यात आले’ खोडून बघा आणि तिथे नाव लिहायचा प्रयत्न करा. कधी नाव सुचेल, कधी नाही. जिथे सुचत नाही, तिथेच थांबून विचारायचं असतं.