'सिटीलाइट्स' : थरारात हरवलेला कागद

हंसल मेहता दिग्दर्शित 'सिटीलाइट्स' (२०१४) हा शॉन एलिस यांच्या 'मेट्रो मनिला' (२०१३) या चित्रपटाचा हिंदी अवतार होय. राजस्थानातील कपड्याचे दुकान कर्जापायी गमावलेला दीपक पत्नी राखी व लहान मुलीसह मुंबईत येतो. खोलीच्या नावाखाली त्याची पुंजी लुबाडली जाते. पुढे राखी डान्सबारमध्ये जाते आणि दीपक रोकड पोहोचविणाऱ्या सुरक्षा कंपनीत लागतो. राजकुमार राव व पत्रलेखा यांचा अभिनय संयत आहे.

दीपक परदेशी नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने त्याला देशात कोठेही वास्तव्य करण्याचा अधिकार दिला आहे. परंतु शहर अधिकार पाहत नाही, पुरावा मागते. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी आधी १ जानेवारी १९९५ व नंतर १ जानेवारी २००० पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागे; तेव्हा जुने वीजबिल किंवा मतदारयादीतील नाव हेच माणसाचे अस्तित्व ठरते. पैसे मोजूनही खोली आपली म्हणून दाखविता न येणाऱ्या दीपकची अगतिकता चित्रपटाच्या पूर्वार्धात नेमकी उतरली आहे.

उत्तरार्धात मात्र सहकारी विष्णू (मानव कौल) त्याला चोरीच्या बेतात ओढतो आणि सारी उत्कंठा पेटी व किल्लीभोवती फिरू लागते. चित्रपट येथे पकड घेतो, पण आपला विषय सोडतो. अशी पेटी कोणत्याही गरजू माणसाच्या कथेत चालली असती. स्टीफन फ्रिअर्स यांच्या 'डर्टी प्रिटी थिंग्ज' (२००२) मध्ये तसे होत नाही. लंडनच्या हॉटेलात रात्रपाळी करणारा नायजेरियन डॉक्टर ओकवे याला तेथे मूत्रपिंडाच्या बदल्यात पासपोर्ट देण्याचा व्यापार आढळतो. त्या कथेतून कागद काढला तर गुन्हाच उरत नाही.

मुंबईवर असे लिहिता येत नाही, असे मात्र नाही. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४) या चित्रपटाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. त्यातील पार्वती (छाया कदम) रुग्णालयात स्वयंपाक करते. गिरणी कामगाराची ही विधवा बावीस वर्षे राहते ती जागा बिल्डरला हवी आहे आणि नवऱ्याने मागे कागद ठेवलेले नाहीत. शेवटी ती रत्नागिरीकडच्या गावी परतते. हा रूढ अर्थाने थरारपट नव्हे, गोळी तर कोठेच सुटत नाही. तरी बिल्डरची धमकी पेटीच्या चोरीहून अधिक भेडसावते, कारण तिच्यापुढे पळून जाण्याची वाट नाही. मराठी बाईला मराठी मुलखात हे घडते, याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिले नाही असे वाटते.

बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागाच्या गावात कामासाठी घर सोडणे विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही. वर्गात दाखवायचे झाल्यास 'सिटीलाइट्स'चा पूर्वार्ध पुरे. उरलेला तास पार्वतीच्या प्रसंगांना द्यावा.