विषाणूचे परतीचे रस्ते

तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस म्हणजे ‘दुबळा केलेला विषाणू’, एवढे शिकवून आपण पुढे जातो. पण हा विषाणू जिवंत असतो. बाळाच्या आतड्यात तो वाढतो आणि वाढताना बदलतो. सेबिन यांच्या टाइप-२ लसीतील विषाणूच्या जनुकसंचात सुमारे साडेसात हजार अक्षरे आहेत. त्यांतले ४८१ वे अक्षर बदलले की दुबळेपणा बराचसा ओसरतो. लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत असा विषाणू फिरत राहिला तर मुले पांगळी होतात. निसर्गातला टाइप-२ विषाणू शेवटचा १९९९ साली अलीगढला आढळला. आजच्या टाइप-२ च्या साथी लसीतूनच उगम पावलेल्या आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेतले विषाणुतज्ज्ञ राउल आंदिनो यांच्या संशोधनाचे मोल इथे कळते. नक्कल करताना कमी चुका करणारा पोलिओ विषाणू उंदरांच्या मेंदूपर्यंत पोचण्यात मागे पडतो, असे त्यांच्या गटाने २००६ साली दाखवले. म्हणजे चुका हीच विषाणूची शिदोरी! ब्रिटनचे अँड्र्यू मॅकॅडम आदींच्या सहकार्याने त्यांनी टाइप-२ ची नवी लस घडवली. तिच्यात ४८१ च्या आसपासची रचना अशी बदलली, की एखाददुसऱ्या बदलाने ताकद परत येऊ नये. नक्कल करणारे विकर अधिक अचूक केले. तिसरी युक्ती आम्हांस सर्वांत आवडली. नक्कल होण्यास आवश्यक असा एक तुकडा मूळ जागेवरून हलवून या दुबळ्या भागाशेजारीच बसवला. दुसऱ्या विषाणूकडून सशक्त भाग उसना घ्यावा, तर हा तुकडा हातचा जातो आणि वाढच थांबते.

नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लसीच्या तातडीच्या वापरास मान्यता दिली. तिचे कौतुक करताना मात्र ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ ‘न बदलणारी’ असा घेतला जातो, ते आम्हांस मान्य नाही. पहिली मानवी चाचणी ३० प्रौढांवर झाली. वापर कोट्यवधी मुलांत झाला. चाचणीत न दिसणारी विरळा घटना एवढ्या मोठ्या संख्येत घडतेच. २०२३ साली बुरुंडी व काँगोमध्ये या नव्या लसीपासून उद्भवलेले विषाणू सापडले. जुन्या लसीच्या मानाने हे क्वचित घडते, हे यश खरेच. पण प्रयोगशाळेने परतीचे रस्ते अरुंद केले, बंद केले नाहीत. ते बंद होतात प्रत्येक मुलाला लस मिळाल्याने.

वर्गात उत्क्रांती शिकवताना जिराफाच्या मानेबरोबर हे उदाहरणही जरूर द्यावे. ती आजही चालू आहे, हे मुलांना पटेल.