बोरिवलीचा रोहित आणि निष्ठेचा हिशेब

एप्रिल २०२४मध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची जाहीर हुर्यो उडवली गेली. गुजरात टायटन्सचे कर्णधारपद सोडून तो मुंबई इंडियन्सकडे परतला होता आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला होता. त्या दिवसांत बोरिवली लोकलमध्ये मी एकच वाक्य वारंवार ऐकले : हल्लीच्या खेळाडूंना संघाविषयी निष्ठाच उरलेली नाही. हे वाक्य मला तपासून पाहावेसे वाटले.

पंड्या बडोद्याचा असला तरी त्याची आयपीएल कारकीर्द २०१५मध्ये मुंबई इंडियन्सकडूनच सुरू झाली. याउलट, बोरिवलीत वाढलेला रोहित पहिले तीन हंगाम हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून खेळला. २०११च्या लिलावात मुंबईने त्याला विकत घेतले. २००९मध्ये त्याने आयपीएलमधली एक हॅट्‌ट्रिक घेतली, तीही मुंबई इंडियन्सविरुद्ध! तेव्हा त्याला कोणी गद्दार म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

मुळात लिलावात निवड कोण करतो? कोल्हापूर भागातला सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये ‘यू मुंबा’कडून प्रो कबड्डीत चमकला आणि पुढच्याच लिलावात १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. जो बोली लावतो, तोच संघ ठरवतो. ज्याच्या हाती जाणे-न जाणे नाही, त्याची निष्ठा मोजायची कशी?

‘पूर्वी असे नव्हते’ हेही अर्धेच खरे. विजय मांजरेकर रणजीत मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा सहा संघांकडून खेळले. विनू मांकड यांची यादीही अशीच लांब. मुंबईने १९५८-५९पासून सलग १५ वेळा करंडक जिंकला, त्या काळातली ही माणसे. त्यांना आपण भटके म्हणत नाही, थोर म्हणतो. आणि ते बरोबरच आहे.

मग बाकीचे इथेच का राहिले? माझ्या मते, मुख्य कारण नोकरी. टाइम्स शील्डमध्ये खेळणाऱ्या कंपन्या, बँका खेळाडूला पगार देत, सरावाला सुटी देत आणि खेळ संपल्यावरही टेबलखुर्ची राखून ठेवत. सुनील गावसकर निर्लॉनचे. त्या निर्लॉनच्या गोरेगावच्या आवारात आज आयटी पार्क उभे आहे. निष्ठेचा ऱ्हास मांडणाऱ्या लेखांत हे आवार कधी येत नाही, ही माझी त्या लेखांविषयीची खरी तक्रार. सांभाळणारी व्यवस्था मोडली आणि दोष मात्र सांभाळल्या जाणाऱ्याच्या माथी! कबड्डीतल्या मुलाचा गुडघा गेला की हा प्रश्न चर्चेचा राहत नाही, घरभाड्याचा होतो.

अर्थात प्रेक्षकाचे दुःख खोटे नाही. दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होऊन अर्धा संघ बदलणार असेल, तर घाटकोपरच्या पोराने भिंतीवर कोणाचे चित्र लावायचे?

एप्रिल २०२५मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितले. तिथे नेतृत्वाची संधी होती. लगेच निष्ठेची चर्चा सुरू झाली. महिन्याभरात त्याने विचार बदलला, संघटनेनेही त्याला परत घेतले. त्याच वर्षी जानेवारीत रोहित जवळपास दहा वर्षांनी मुंबईकडून रणजी सामना खेळला, बीकेसीच्या मैदानावर, जम्मू-काश्मीरविरुद्ध. त्याने ३ आणि २८ धावा केल्या, मुंबई हरली. इतकी वर्षे कुठे होतास, हे त्याला कोणी विचारले नाही. गर्दी त्याच्याच नावाने ओरडत होती.