टँगोचे अभ्यासक नाचाकडे कधी पाहणार?

टँगोवर विद्यापीठीय पुस्तकं कमी नाहीत. ती वाचताना एक गोष्ट मात्र खटकत राहते: टँगोचा अर्थ काय यावर पानंच्या पानं, आणि तो नाचतात कसा यावर जेमतेम परिच्छेदभर. इथे टँगो म्हणजे रंगमंचावरचा, पाय हवेत भिरकावणारा टँगो नव्हे. ब्यूनस आयर्समध्ये रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या मिलोंगांत, म्हणजे नाचाच्या बैठकांत, साधी माणसं एकमेकांना कवेत घेऊन, कोणी बघो न बघो, जो नाचतात तो.

या अभ्यासाला धार आणली ती मार्ता साविग्लियानो या अर्जेंटिनी विदुषीने. तिच्या 1995 सालच्या पुस्तकाचा मुद्दा आजही झोंबतो. वसाहतींतून जसा कच्चा माल नेला, तशीच युरोपने तिथली ‘उत्कटता’ही उचलून नेली, पॅरिसच्या सलोंमध्ये तिला सभ्य केलं आणि मग अर्जेंटिनाने स्वतःकडेही त्याच परक्या डोळ्यांनी पाहायला सुरुवात केली. 1983 मध्ये ‘तांगो आर्हेंतिनो’ हा कार्यक्रम आधी पॅरिसमध्ये गाजला, 1985 मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि मग टँगोची लाट जगभर पसरली. हा क्रम पाहिला की साविग्लियानोचं म्हणणं पटतं. पण तिच्या मागून आलेल्यांनी या मांडणीचा साचा करून टाकला. टँगो दिसला की वसाहतवाद शोधायचा, मिठी दिसली की पुरुषसत्ता. दोन्ही सापडतातच, न सापडायला काय झालं?

ज्युली टेलर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं 1998 सालचं छोटेखानी पुस्तक वेगळं आहे. अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीतली दहशत आणि नाचणाऱ्या शरीरातला सावधपणा त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आहेत. पानांच्या कडेला छायाचित्रं अशी छापली आहेत की पानं भरभर उलटली तर जोडपं नाचू लागतं. गंमत म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. लिहिलेला शब्द नाचाला पुरा पडत नाही याची ती कबुली आहे.

कॅथी डेव्हिस (2015) यांनी अ‍ॅमस्टरडॅम आणि ब्यूनस आयर्समध्ये नाचणाऱ्यांशी बोलून खरा अवघड प्रश्न विचारला: स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या बायकांना पुरुषाच्या इशाऱ्याने चालणारा हा नाच इतका का आवडतो? डेव्हिस टँगोला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्यांच्याही हाती येतं ते मुख्यतः बोलणं. आणि नाचाबद्दल जास्त बोलतो तो बहुधा प्रौढपणी, पैसे मोजून शिकलेला माणूस. वाड्यावस्तीत नाच उचललेल्या जुन्या मिलोंगेरोला विचारलं तर तो ‘चालायचं’ म्हणेल आणि विषय संपवेल.

जुन्यांकडून ऐकलेलं टिपून ठेवलं ते विद्यापीठाबाहेरच्यांनी. क्रिस्टीन डेनिस्टन या नृत्यशिक्षिकेने लिहिलं आहे की एकेकाळी मुलगे पुरुषांच्याच सरावबैठकांत शिकत, आणि आधी बाईची बाजू शिकत. ती नीट जमल्यावरच त्यांना पुरुषाची बाजू नाचायला मिळे. एवढी एक माहिती ‘पुरुष चालवतो, बाई चालते’ या सिद्धांताला केवढं भगदाड पाडते! भूमिकांची अदलाबदल करणाऱ्या आजच्या क्विअर टँगोची चर्चाही मग फक्त परंपरेविरुद्धचं बंड म्हणून करता येत नाही.

सर्वांत मोठी हेळसांड संगीताची. काबेसेओ, म्हणजे दुरून नजरेने आणि मानेच्या इशाऱ्याने नाचायला बोलावणं, हा अभ्यासकांचा आवडता विषय. नकाराची नामुष्की टळते, बाईलाही निवडता येतं वगैरे विवेचन बरोबरच आहे. पण ही नजरानजर होते कधी? मिलोंगात एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग लावतात, तो एक तांदा. मग कोर्तिना नावाचा भलत्याच संगीताचा तुकडा वाजतो, जोडपी सुटतात. पुढच्या तांद्याचे पहिले सूर ऐकून वाद्यवृंद ओळखायचा आणि मगच नजर फिरवायची. हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाच्या टोकदार ठेक्यावर जो हवाहवासा, तो ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या जड, ओढून धरलेल्या लयीवर चालेलच असं नाही. म्हणजे निवड माणसाची असते तितकीच संगीताचीही. 1935 ते 1955 या काळातल्या ध्वनिमुद्रणांवर माणसं आजही का नाचतात, हे समजून घ्यायचं तर मायकेल लावोका या डीजेची पुस्तकं उघडावी लागतात. समाजशास्त्राच्या कपाटात ती मिळत नाहीत.

युनेस्कोने 2009 मध्ये टँगोला वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी, 2003 पासूनच, ब्यूनस आयर्समध्ये जागतिक स्पर्धा सुरू झाली होती आणि तिच्यात मिलोंगाच्या धाटणीच्या नाचाचाही वेगळा विभाग आहे. प्रेक्षकांसाठी नसलेल्या नाचाला गुण द्यायचे, हा उघड विरोधाभास. पण गुण द्यायचे म्हणून आयोजकांना तरी लिहून काढावं लागलं: गाणं संपेपर्यंत जोडी सुटता कामा नये, सगळ्यांनी घड्याळाच्या उलट्या दिशेने सरकायचं, मागच्या-पुढच्यांची वाट अडवायची नाही. अभ्यासकांनी निदान त्या नियमावलीपासून सुरुवात करायला हरकत नाही.