गटाला बक्षीस, पण कशाबद्दल?

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते; खेळाच्या नियमांचे मात्र सहसा कोणी करत नाही. नियम आहेत, ते पाळायचे, एवढेच आपण धरून चालतो. पण नियम हीसुद्धा माणसाने रचलेली गोष्ट आहे. ते कोणत्या हेतूने रचले, तो हेतू साधला का, आणि रचणाऱ्याच्या मनात नसलेले आणखी काय काय घडले, हे तपासता येते. इथे आपण असाच एक नियम तपासणार आहोत. तो संगणकावरील एका खेळातला आहे. पण त्यामागचा प्रश्न गटाला बक्षीस कसे द्यावे हा आहे. वर्गात गट पाडून गुण देणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही.

खेळ आणि त्यातले गट

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. तो इंटरनेटवरून खेळतात. एका काल्पनिक जगात हजारो खेळाडू एकाच वेळी वावरत असतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. नेमून दिलेली कामे करायची, शत्रूंशी लढायचे, अनुभवाचे गुण मिळवायचे आणि एकेक पातळी वर चढायचे, असे त्याचे स्वरूप आहे. बरीचशी कामे एकट्याने करता येतात. मोठ्या मोहिमांना मात्र दहा-वीस जण लागतात आणि त्यांना एकमेकांच्या चाली ठाऊक असाव्या लागतात. म्हणून खेळाडू आपले कायमचे गट बांधतात. या गटाला 'गिल्ड' म्हणतात. मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या संघटनांचे हे नाव. आपल्याकडे प्राचीन काळी अशा संघटनांना 'श्रेणी' म्हणत. खेळातल्या गिल्डला नाव असते, प्रमुख असतो, सभासदांचे दर्जे असतात आणि एक सामाईक तिजोरी असते.

गट बांधला म्हणजे माणसे एकत्र आली असे मात्र होत नाही. निकोलस ड्यूशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या खेळाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. 'एकत्र, तरी एकटे?' असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता. खेळाडूंचा बराच वेळ इतरांच्या सान्निध्यात, पण एकट्याने खेळण्यात जातो, असे त्यांना आढळले होते. अशा वेळी गिल्डमधील नाते घट्ट व्हावे म्हणून काही करावे, असे खेळ रचणाऱ्यांना वाटणे साहजिक होते.

पंचवीस पायऱ्या

७ डिसेंबर २०१० रोजी 'कॅटॅक्लिझम' ही खेळाची वाढीव आवृत्ती आली आणि खेळाडूंप्रमाणे गिल्डलाही पातळ्या मिळाल्या. त्या १ ते २५ अशा होत्या. सभासदांनी कामे पुरी केली, मोहिमा जिंकल्या, की गिल्डच्या खात्यावर गुण जमा होत. पातळी वाढली की सर्व सभासदांना नवी सवलत मिळे. कधी वाहनाचा वेग वाढे, कधी अनुभवाचे गुण शेकडा ५, पुढे शेकडा १० जास्त मिळत. पंचविसाव्या पातळीवर लढाईत पडलेल्या सर्व साथीदारांना एकदम उठवण्याची विद्या हाती येई. शिवाय प्रत्येक सभासदाची गिल्डमध्ये स्वतःची 'पत' मोजली जाई. पत पुरेशी वाढली की काही खास वस्तू विकत घेता येत.

या रचनेत विचार होता, हे मान्य केले पाहिजे. दहा जणांच्या मोहिमेत निदान आठ जण एकाच गिल्डचे असतील, तरच ती गिल्डची मोहीम धरली जाई. मोठ्या गिल्डांनी एका आठवड्यात शिखर गाठू नये म्हणून दिवसभरात मिळणाऱ्या गुणांना मर्यादा घातली होती. तरीही ऑक्टोबर २०१४ मध्ये गिल्डच्या पातळ्या साफ काढून टाकण्यात आल्या. ज्या सवलती उरल्या त्या प्रत्येक गिल्डला पहिल्या दिवसापासून देण्यात आल्या. चार वर्षेही न टिकलेल्या या शिडीत काय चुकले होते?

बेरजेचे गणित

पहिला दोष साध्या अंकगणितात दिसतो. समजा, एक सभासद दिवसाला सरासरी १० गुण मिळवतो, गिल्डसाठी रोजची मर्यादा ६०० गुणांची आहे आणि शिखर गाठायला ९०,००० गुण लागतात. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, खेळातले नव्हेत.) आता तीन गिल्ड घेऊ. साठ जणांची गिल्ड रोज ६०० गुण मिळवील आणि १५० दिवसांत वर पोचेल. तीनशे जणांची गिल्डही मर्यादेमुळे १५० दिवसच घेईल. सहा जणांच्या गिल्डला रोज ६० गुण, म्हणजे १५०० दिवस लागतील. ही चार वर्षांहून मोठी मुदत झाली. एवढे आयुष्य त्या व्यवस्थेलाही लाभले नाही.

मर्यादेने मोठ्या आणि फार मोठ्या गिल्डमधला फरक मिटवला. छोटी गिल्ड होती तिथेच राहिली. नुकसान तिथेच थांबत नाही. तीनशेच्या गिल्डमध्ये साठ जणांनी मर्यादा भरली की उरलेल्या दोनशे चाळीस जणांच्या कष्टाने त्या दिवशी गिल्डच्या गुणांत काहीच भर पडत नाही. सवलती मात्र त्यांनाही पूर्ण मिळतात. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीविषयीच्या ग्रंथात हेच मांडले होते. फायदा सर्वांना सारखा मिळणार असेल आणि आपल्या वाट्याने काही फरक पडत नसेल, तर मोठ्या गटातला माणूस हात आखडता घेतो. लहान गटात प्रत्येकाचा वाटा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो गट काम करतो. ही शिडी नेमक्या त्याच लहान गटाला महाग पडत होती.

शिवाय शिडीला शेवट होता. जुन्या गिल्ड एकामागून एक पंचविसाव्या पायरीवर पोचल्या. मग सवलत हे बक्षीस उरत नाही, ती नेहमीची स्थिती होते. जी गोष्ट बहुतेकांकडे असते, ती नसणे म्हणजे दंड. चार मित्रांनी नवी गिल्ड काढली, तर हा दंड त्यांनाच बसणार.

कशाचे गुण?

दुसरा दोष अधिक खोल आहे. गिल्डला गुण मिळत ते केवळ एकत्र मोहिमांचे नव्हेत. सभासदाने एकट्याने पुऱ्या केलेल्या कामांचेही मिळत. म्हणजे एखादा खेळाडू साथीदारांशी एक शब्दही न बोलता, जे तो एरवीही करणारच होता तेच करून, गिल्डला वर नेऊ शकत होता. गट मजबूत व्हावा हा हेतू. मोजले मात्र सभासदांचे सुटे काम. नात्याऐवजी बेरीज मोजली, म्हणून वाढली ती बेरीजच.

याचे ठळक उदाहरण म्हणजे तिजोरीची सवलत. शत्रूकडून सभासदाला जे सोने मिळे, त्यावर शेकडा ५ आणि वरच्या पातळीवर शेकडा १० एवढी भर गिल्डच्या तिजोरीत आपोआप पडे. ती सभासदाच्या वाट्यातून कापली जात नसे, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. पण तिजोरीतून कोणी किती काढायचे हे प्रमुख ठरवणार! तेव्हा दिसेल त्या अनोळखी खेळाडूला गिल्डमध्ये ओढण्याचे आमंत्रणसत्र सुरू झाले. जितकी डोकी जास्त तितके सोने जास्त. २०१४ च्या आधीच ही सवलत काढून टाकावी लागली.

तिसरा दोष पतीचा. गिल्ड बदलली की नव्या ठिकाणी पत पुन्हा तळापासून मिळवावी लागे. निष्ठा वाढावी हा हेतू उघड आहे. पण प्रमुख मनमानी करत असेल, बोलणे अपमानाचे असेल, तरी सभासद महिनोन्‌महिने जमवलेली पत सोडायला कचरतो. अशा राहण्याला निष्ठा म्हणायचे की अडकणे? २०१२ साली आलेल्या 'गिल्ड वॉर्स २' या दुसऱ्या खेळात एका खेळाडूला एकाच वेळी पाच गिल्डांत राहता येत असे. तिथे गटाला सभासद टिकवायचा तर त्याला राहावेसे वाटेल असेच वागावे लागणार. आम्हांला ही वाट अधिक प्रामाणिक वाटते.

खेळाडूंनी स्वतः केलेले नियम

आता याच्या शेजारी एक जुनी पद्धत ठेवून पाहू. 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ १९९९ साली आला. मोठ्या मोहिमेनंतर हाती लागलेल्या दोन-तीन मौल्यवान वस्तू चाळीस-पन्नास जणांत कशा वाटायच्या, असा पेच तिथे पडे. कंपनीने काही उत्तर दिले नाही. खेळाडूंनीच वही घातली. मोहिमेला हजर राहणाऱ्याला गुण द्यायचे, आणि वस्तू हवी असेल त्याने ते गुण खर्च करायचे. या गुणांना 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असे नाव पडले, आणि ही रीत पुढे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या गिल्डांतही रुजली.

या रीतीतही दोष होते. जुन्या सभासदांकडे गुणांचे ढीग साचत आणि नवख्याला काही मिळेना. तेव्हा अनेक गिल्डांनी साठलेल्या गुणांतून ठरावीक काळाने काही टक्के वजा करण्याचा नियम केला. दोष सापडला, सभासदांनी वाद घातला, नियम बदलला. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी सामाईक कुरणे, जंगले आणि पाणी जपणाऱ्या गावांचा अभ्यास करून १९९० साली हेच सांगितले होते. दीर्घकाळ टिकलेल्या गटांत नियम स्थानिक परिस्थितीला धरून असतात आणि ज्यांच्यावर ते लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा असतो. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पंचवीस पायऱ्यांच्या शिडीत असा वाटा कोणालाच नव्हता. सहा जणांच्या गिल्डला आणि तीनशे जणांच्या गिल्डला एकच तक्ता. कोणती सवलत कधी हवी हे ठरवण्याचा अधिकारही गिल्डकडे नव्हता. आमच्या मते या रचनेचे मुख्य अपयश हेच होय. गटाला तिने पुष्कळ काही दिले, पण गट म्हणून ठरवण्यासारखे फार थोडे ठेवले.

वर्गात याचा उपयोग

वर्गातले गट बहुधा सारख्या संख्येचे असतात, म्हणून बेरजेचा पहिला दोष तिथे येत नाही. दुसरा मात्र हमखास येतो. गटाचे गुण म्हणजे प्रत्येकाच्या चाचणीतल्या गुणांची बेरीज, असे ठरवले की हुशार मूल सर्वांसाठी कमावते आणि मागे पडलेले मूल ओझे ठरते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट स्लाव्हिन यांनी गटशिक्षणाची जी पद्धत बसवली, तिच्यात मूल स्वतःच्या आधीच्या सरासरीपेक्षा किती पुढे गेले, त्यावर गटाला गुण मिळतात. मग मागे पडलेले मूलच गटाला अधिक गुण मिळवून देऊ शकते, आणि त्याला शिकवणे हे बाकीच्यांच्या फायद्याचे होते. बक्षीस तेच, गटही तेच. फक्त मोजण्याची गोष्ट बदलली.

म्हणून गटासाठी कोणतीही बक्षीसयोजना आखताना आपण चार प्रश्न विचारावेत. आपण मोजतो आहोत ते एकत्र केलेले काम आहे, की एकेकट्याच्या कामाची बेरीज? लहान किंवा नव्या गटाला योजनेत जागा आहे का? गट सोडणाऱ्याला काय गमवावे लागते? आणि नियम चुकला तर तो बदलण्यात गटाचा वाटा किती? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे चार प्रश्न देऊन शाळेतल्याच एखाद्या आंतरवर्गीय स्पर्धेचे नियम तपासायला सांगावेत. दोष सापडले तर नवे नियम त्यांनाच लिहू द्यावेत, आणि एक सत्र ते चालवूनही पाहावेत.